लाल शब्द, निळी शाई: मानसशास्त्राच्या पहिल्या प्रयोगातून संशोधनाची परिभाषा

पदवीला मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला संशोधन पद्धतीचा पेपर बहुधा पाठांतराचा वाटतो. चल म्हणजे काय, परिकल्पना म्हणजे काय, नमुना म्हणजे काय अशा व्याख्या तो वहीत उतरवतो, परीक्षेत बिनचूक लिहितो आणि प्रयोगवहीच्या पहिल्याच पानावर अडतो, कारण समोरच्या प्रयोगातला स्वतंत्र चल नेमका कोणता हे त्या व्याख्येतून त्याला सापडत नाही. माझ्या अनुभवात ही परिभाषा उलट्या टोकाकडून शिकली तर लवकर अंगवळणी पडते. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द संशोधक कुठेतरी फसल्यामुळे रूढ झाला आहे, आणि फसण्याची ती जागा एकदा डोळ्यांनी पाहिली की शब्द वेगळा घोकावा लागत नाही. म्हणून येथे एकच प्रयोग हातात घेऊन, तो करताना जो शब्द ज्या क्षणी लागतो त्या क्षणीच त्याची ओळख करून देत आहे.

हा प्रयोग स्ट्रूपचा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी अमेरिकेतील नॅशव्हिल येथील जॉर्ज पीबॉडी कॉलेज फॉर टीचर्समध्ये डॉक्टरेटसाठी तो केला आणि १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी एका तक्त्यावर शंभर रंगीत चौकोन छापले आणि दुसऱ्या तक्त्यावर रंगांची शंभर नावे छापली. मात्र ‘लाल’ हा शब्द लाल शाईत न छापता निळ्या, हिरव्या, तपकिरी किंवा जांभळ्या शाईत छापला. दोन्ही तक्त्यांवर काम एकच होते: शब्द वाचायचा नाही, दिसणाऱ्या रंगाचे नाव घ्यायचे. चौकोनांच्या तक्त्याला सरासरी ६३.३ सेकंद लागले आणि शब्दांच्या तक्त्याला ११०.३ सेकंद, म्हणजे तब्बल ४७ सेकंद अधिक. साधे कागद आणि एक स्टॉपवॉच एवढ्यावर हा प्रयोग होतो, म्हणून तो आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत टिकून आहे.

पहिली पायरी: प्रश्न आणि चल

प्रथम आपल्याला काय विचारायचे आहे ते एका वाक्यात लिहावे. ‘लक्ष विचलित झाल्याने कामावर परिणाम होतो का?’ हे वाक्य ऐकायला ठीक आहे, पण त्यावर प्रयोग करता येत नाही, कारण लक्ष कशाने विचलित झाले, कोणते काम आणि कसला परिणाम हे सगळेच त्यात मोघम राहते. ‘शाईचा रंग आणि शब्दाचा अर्थ जुळत नसेल तर रंगाचे नाव सांगायला जास्त वेळ लागतो का?’ हा प्रश्न मात्र उद्या सकाळी तपासता येईल असा आहे.

या वाक्यात बदलणाऱ्या दोन गोष्टी आहेत. जी गोष्ट एका प्रयुक्ताकडून (म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला जातो त्या व्यक्तीकडून) दुसऱ्याकडे किंवा एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना बदलू शकते तिला चल म्हणतात. वर्गात सगळे व्हेरिएबल म्हणतात तेच हे. ज्या चलात प्रयोगकर्ता स्वतः हेतुपुरस्सर फेरफार करतो तो स्वतंत्र चल, म्हणजे येथे तक्त्याचा प्रकार, आणि त्या फेरफारामुळे काय घडले हे पाहण्यासाठी ज्याचे मोजमाप करतो तो परतंत्र चल, म्हणजे येथे लागलेला वेळ. काही पुस्तकांत यांनाच स्वाश्रयी आणि आश्रयी चल अशी नावे दिसतील. गोंधळ झाला तर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: मी काय बदलले? आणि मी काय मोजले? परीक्षेत सर्वाधिक गुण जातात ते ‘रंग’ हाच स्वतंत्र चल आहे असे लिहिल्यामुळे. रंग दोन्ही तक्त्यांत तेच पाच आहेत. बदलले आहे ते शब्द असणे किंवा नसणे.

दुसरी पायरी: कार्यात्मक व्याख्या

सगळ्या परिभाषेतला कोणता शब्द आधी पक्का करावा असे कोणी विचारले, तर मी हाच सांगेन. कार्यात्मक व्याख्या म्हणजे एखादी संकल्पना आपल्या प्रयोगात कोणत्या कृतीने मोजली जाणार आहे याचे इतके नेमके वर्णन, की ते वाचून दुसऱ्या गावातील अनोळखी विद्यार्थ्याने तीच गोष्ट त्याच रीतीने मोजावी. ‘लागलेला वेळ’ ही व्याख्या झाली नाही. घड्याळ कधी सुरू करायचे, ‘सुरू करा’ म्हटल्यावर की पहिला रंग तोंडातून बाहेर पडल्यावर? प्रयुक्त चुकला आणि तसाच पुढे गेला तर काय? स्ट्रूप यांनी चूक झाल्यास ती लगेच दुरुस्त करण्याची सूचना प्रयुक्तांना दिली होती. म्हणजे त्यांच्या सेकंदांत चुका सुधारण्याचा वेळही मोजला गेला आहे. तुम्ही चुकांची वेगळी नोंद ठेवली आणि दुरुस्तीला मनाई केली, तर तुमचा परतंत्र चल नावाने तोच असला तरी प्रत्यक्षात वेगळा झाला, आणि तुमचे सेकंद त्यांच्या सेकंदांशेजारी ठेवता येणार नाहीत.

आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे, आणि तो मराठी विद्यार्थ्याने मुद्दाम विचारात घ्यावा. शब्द कोणत्या लिपीत छापायचे? दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला ‘हिरवा’ हा देवनागरी शब्द जितक्या सहजतेने वाचला जातो तितक्या सहजतेने इंग्रजी शब्द वाचला जाईलच असे नाही, आणि या प्रयोगातला अडथळा निर्माण होतो तो वाचन आपोआप होते म्हणूनच. तक्ता इंग्रजीत आणि उत्तरे मराठीत असा सरमिसळ प्रकार अनेक वह्यांत सापडतो. तो केला तर गुन्हा नाही, पण मग लिपी, उत्तराची भाषा आणि प्रयुक्ताचे शालेय माध्यम या तिन्ही गोष्टी व्याख्येत लिहिल्याच पाहिजेत. ‘निळा’ म्हणायचे की ‘निळे’ हेही आधी ठरवावे, नाहीतर प्रयुक्त तिसऱ्या ओळीत थबकून तुम्हालाच विचारतो आणि घड्याळ चालू राहते.

तिसरी पायरी: परिकल्पना

परिकल्पना, अभ्युपगम, गृहीतक असे तीन शब्द वेगवेगळ्या पुस्तकांत एकाच अर्थाने येतात. मी ‘परिकल्पना’ वापरतो, कारण ‘गृहीतक’ म्हटले की विद्यार्थी ते गृहीत धरून चालतो, आणि येथे तर ते तपासायचे असते. परिकल्पना म्हणजे दोन चलांमधील संबंधाबद्दल आधी केलेले, खोटे ठरू शकेल असे विधान. ‘शब्दांच्या तक्त्याला चौकोनांच्या तक्त्यापेक्षा जास्त वेळ लागेल’ ही दिशादर्शक परिकल्पना. ‘दोन्हींच्या वेळांत फरक असेल’ एवढेच म्हटले तर ती दिशाहीन. यांच्या समोर शून्य परिकल्पना उभी करतात: फरक नाही, आणि जो दिसेल तो योगायोगाचा. संख्याशास्त्रीय चाचणी प्रत्यक्षात याच शून्य परिकल्पनेची परीक्षा घेते, आपल्या आवडत्या विधानाची नव्हे.

ही परिकल्पना प्रयोगाआधी, तारीख टाकून लिहावी. आकडे पाहून मग परिकल्पना लिहिणे म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढणे होय, आणि प्रयोगवह्यांत हे आपल्याला कबूल करावेसे वाटते त्यापेक्षा बरेच जास्त चालते.

चौथी पायरी: कोणावर प्रयोग करायचा

ज्या सर्व लोकांबद्दल आपल्याला विधान करायचे आहे तो समूह म्हणजे समष्टी, आणि त्यांतून प्रत्यक्ष अभ्यासासाठी घेतलेले मोजके लोक म्हणजे नमुना. स्ट्रूप यांचा या प्रयोगातील नमुना शंभर विद्यार्थ्यांचा होता, आणि त्यांत विद्यार्थिनी बहुसंख्य होत्या. तुमचा नमुना बहुधा तुमच्या वर्गातील मैत्रिणी आणि कॅन्टीनमध्ये सापडलेला एखादा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी एवढाच असेल. अशा हाताशी आलेल्या लोकांच्या नमुन्याला सोयीचा नमुना म्हणतात. तो घ्यायला हरकत नाही, मात्र त्यावरून ‘महाराष्ट्रातील तरुणांमध्ये असे आढळते’ असा निष्कर्ष लिहू नये.

येथे ‘यादृच्छिक’ हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचे काम वेगळे आहे. समष्टीतील प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी मिळेल अशी निवड म्हणजे यादृच्छिक निवड. ती असली तर निष्कर्ष समष्टीला लागू करता येतो. आधीच जमलेल्या लोकांपैकी कोण कोणत्या गटात किंवा कोणत्या क्रमाने जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे म्हणजे यादृच्छिक विभागणी; ती असली तर दिसलेला फरक आपल्या फेरफारामुळेच पडला असे म्हणायला आधार मिळतो. विद्यार्थ्याला पहिली क्वचितच जमते, दुसरी मात्र नेहमी जमते, कारण तिला कागदाच्या वीस चिठ्ठ्या आणि एक डबा पुरतो. ‘मनाला येईल तसे’ गट पाडणे यादृच्छिक ठरत नाही. आपले मन पहिल्या बाकावरच्यांना नकळत एकाच गटात टाकते.

पाचवी पायरी: क्रम आणि इतर उपद्रव

मी विद्यार्थी असताना हा प्रयोग केला तेव्हा सर्व प्रयुक्तांना आधी चौकोनांचा तक्ता दिला आणि नंतर शब्दांचा. फरक छान आला, मी खूश झालो, आणि वही तपासताना बाईंनी समासात एवढेच लिहिले: “दुसऱ्या तक्त्याच्या वेळी ते थकले नव्हते कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

एकाच व्यक्तीला दोन्ही स्थितींतून नेण्याच्या आराखड्याला वर्गात विदिन-सब्जेक्ट डिझाइन म्हणतात. त्याचा फायदा मोठा आहे: प्रत्येक जण स्वतःशीच ताडून पाहिला जातो, त्यामुळे कोणी मुळात जलद बोलणारा असला तरी बिघडत नाही. पण त्यात क्रमपरिणाम शिरतो. दुसऱ्या वेळी सरावाने काम सुधारते किंवा थकव्याने बिघडते, आणि हे सुधारणे-बिघडणे तक्त्याच्या परिणामात मिसळून जाते. यावरचा उपाय म्हणजे प्रतिसंतुलन: वीसपैकी दहा जणांना आधी चौकोन आणि दहा जणांना आधी शब्द द्यावेत, आणि कोणाला कोणता क्रम हे त्या चिठ्ठ्यांवरून ठरवावे. स्ट्रूप यांनीही प्रयुक्तांचे निम्मे-निम्मे भाग करून क्रम उलटा केला होता. दोन वेगळे गट घेतले तर क्रमाचा प्रश्न मिटतो, मात्र मग प्रयुक्त जास्त लागतात. तेथे ज्या गटावर फेरफार होतो तो प्रायोगिक गट आणि ज्यावर होत नाही तो नियंत्रण गट.

आपण बदललेला नाही, मोजायचाही नाही, पण निकालात ढवळाढवळ करतो असा प्रत्येक घटक म्हणजे बाह्य चल. तो सगळ्यांसाठी सारखा ठेवणे म्हणजे नियंत्रण. या प्रयोगात कोणते बाह्य चल येतात याची यादी पुस्तकातून उतरवू नये; तक्ता हातात घेऊन खिडकीपाशी आणि मग ट्यूबलाइटखाली उभे राहावे. महाविद्यालयाच्या दाराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापलेला तपकिरी रंग मंद उजेडात लालसारखा दिसतो, आणि मग प्रयुक्त अडखळतो तो शब्दामुळे नव्हे, शाईमुळे. लाल-हिरव्या रंगांधत्वाची चौकशी आधी करावी, कारण ते पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बरेच जास्त आढळते आणि अनेकांना ते स्वतःलाही ठाऊक नसते. बाह्य चल स्वतंत्र चलाबरोबरच बदलू लागला, उदाहरणार्थ सकाळी सगळे चौकोन आणि दुपारच्या उकाड्यात सगळे शब्द झाले, तर दोन्हींचे परिणाम सोडवून वेगळे करण्याचा कोणताही मार्ग नंतर उरत नाही.

आणि एक बाह्य चल म्हणजे तुम्ही स्वतः. रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितले की हे उंदीर व्यूहातून, म्हणजे भूलभुलैयातून, वाट काढायला शिकण्यात हुशार वाणाचे आहेत, निम्म्यांना सांगितले की मंद वाणाचे आहेत. उंदीर सगळे सारखेच होते. तरीही ‘हुशार’ म्हणून दिलेल्यांची कामगिरी सरस नोंदली गेली. याला प्रयोगकर्त्याच्या अपेक्षेचा परिणाम म्हणतात. म्हणूनच औषधांच्या चाचण्यांत दुहेरी अंध पद्धत वापरतात, जिच्यात कोण कोणत्या गटात आहे हे ना प्रयुक्ताला ठाऊक असते ना मोजणाऱ्याला. स्ट्रूपच्या प्रयोगात तक्ता डोळ्यांसमोर असल्याने ते शक्य नाही. पण सूचना कागदावर लिहून प्रत्येकाला त्याच शब्दांत वाचून दाखवणे आणि स्टॉपवॉच परिकल्पना माहीत नसलेल्या मित्राच्या हाती देणे, एवढे जमण्यासारखे आहे.

सहावी पायरी: प्रयुक्त समोर बसल्यावर

काम काय आहे, किती वेळ लागेल आणि केव्हाही मधेच उठून जाण्याची मोकळीक आहे हे सांगून मगच होकार घ्यावा. याला माहितीपूर्ण संमती म्हणतात. नोंदीत नावाऐवजी क्रमांक लिहावा. प्रयुक्ताची अशी काळजी न घेतल्याचे उदाहरणही आहे: अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये वर्षाच्या आतल्या एका बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती बसवली आणि ती घालवण्याचे काम केलेच नाही. आजच्या नियमांत असा प्रयोग मंजूर होणार नाही. प्रयोग संपल्यावर त्यामागचा हेतू समजावून सांगणे हा खुलासा प्रयुक्ताचा हक्क आहे. त्याच वेळी त्याला कसे वाटले ते विचारून अंतर्निरीक्षणात्मक अहवाल त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा. ‘शब्द दिसू नये म्हणून मी डोळे बारीक केले’ असे एखादा सांगतो, आणि त्या एका वाक्याने तुमचा सर्वांत विचित्र आकडा समजून येतो.

सातवी पायरी: आकडे

समजा दहा जणांचे वेळ सेकंदांत असे आले: ४८, ४९, ५०, ५२, ५३, ५४, ५५, ५७, ६० आणि ११२. शेवटच्याला मधेच ठसका लागला होता. सगळ्यांची बेरीज ५९०, म्हणून मध्यमान ५९. पण दहापैकी आठ जण ५९ पेक्षा जलद होते. मग ५९ हा कोणाचा प्रतिनिधी? आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांची सरासरी घेतली तर मध्यांक ५३.५ मिळतो, आणि तो या गटाचे चित्र जास्त खरे दाखवतो. ठसक्याचा आकडा वगळायचा असेल तर तो नियमही प्रयोगाआधी लिहिलेला हवा. मध्यमानाभोवती आकडे किती पसरले आहेत हे प्रमाण विचलन सांगते; मध्यमानासोबत ते दिले नाही तर वाचकाला अर्धीच माहिती मिळते.

यानंतर सार्थकता. शून्य परिकल्पना खरी आहे असे धरले तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे चाचणीतून निघते, आणि ती ०.०५ पेक्षा कमी असल्यास फरक सार्थ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘परिकल्पना खरी असण्याची शक्यता ९५ टक्के’ असा त्याचा अर्थ होत नाही. ही चूक वहीत सोडाच, छापील लेखांतही आढळते. निकाल सार्थ आला नाही म्हणून प्रयोग फसला असेही समजू नये. स्ट्रूप यांनी एका वेगळ्या प्रयोगात शाईकडे दुर्लक्ष करून शब्द वाचायला सांगितले होते. तेथे रंगीत शाईमुळे शंभर शब्दांना जेमतेम २.३ सेकंद जास्त लागले, आणि हा फरक भरवशाचा नाही असेच त्यांनी नोंदवले. शब्द रंगाला अडवतो पण रंग शब्दाला फारसा अडवत नाही, ही त्यांच्या शोधातली सर्वांत रंजक बाजू त्या ‘न आलेल्या’ फरकामुळेच उघड झाली.

आठवी पायरी: माप भरवशाचे आहे का

तेच माप पुन्हा घेतल्यावर जवळपास तोच निकाल येणे म्हणजे विश्वसनीयता. जे मोजायचे म्हटले तेच मोजले जाणे म्हणजे सप्रमाणता, जिला काही जण वैधता म्हणतात. पाच मिनिटे मागे असलेले भिंतीवरचे घड्याळ रोज पाच मिनिटेच मागे असते, म्हणून ते विश्वसनीय आहे. पण त्यावर विसंबून लोकल पकडणाऱ्याला त्याच्या सप्रमाणतेबद्दल विचारावे. चाचण्या परभाषेतून आणताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे धारवाड येथे कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले, आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये आला. त्यांना नुसते भाषांतर पुरले नाही. येथील मुलांवर प्रश्न तपासून, कोणता प्रश्न कोणत्या वयाला शोभतो ते नव्याने ठरवावे लागले. या कामाला प्रमाणीकरण म्हणतात आणि त्यातून जे तुलनेचे आकडे मिळतात ते मानदंड. इंटरनेटवरून उतरवलेली प्रश्नावली रात्रीत मराठीत आणून दुसऱ्या दिवशी तिच्यावरून कोणाची ‘चिंतेची पातळी’ ठरवणाऱ्या विद्यार्थ्याने या खटाटोपाचा विचार जरूर करावा.

निकाल टिकाऊ आहे का हे कळण्याचा शेवटचा मार्ग म्हणजे पुनरावृत्ती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थ होता, पुन्हा केलेल्यांपैकी ३६ टक्क्यांतच तो सार्थ निघाला. स्ट्रूपचा परिणाम मात्र अशा पुनरावृत्तींत भक्कमपणे टिकला आहे, आणि नवशिक्याने त्यापासून सुरुवात करावी असे मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रयोग करता येत नाही तेव्हा

मोबाईलचा वापर आणि झोप यांसारख्या विषयात आपण कोणाला दोन वर्षे मोबाईल वापरायला लावू शकत नाही. तेथे दोन्ही गोष्टी आहेत तशा मोजून त्यांचा सहसंबंध काढतात. सहसंबंध गुणांक -१ ते +१ यांच्या दरम्यान असतो. चिन्ह दिशा सांगते आणि अंक संबंध किती घट्ट आहे ते सांगतो, म्हणून -०.७ हा +०.३ पेक्षा घट्ट संबंध आहे. जास्त मोबाईल वापरणारे कमी झोपतात असे आढळले, तर मोबाईलने झोप उडवली असेल, झोप येत नाही म्हणून हात मोबाईलकडे जात असेल, किंवा परीक्षेच्या काळजीने दोन्ही घडत असेल. कोणते खरे, हे सहसंबंधातून कळत नाही. अशा अभ्यासाच्या अहवालात ‘मुळे’ हा प्रत्यय दिसला की तेथे पेन्सिलने खूण करावी आणि त्या जागी ‘सोबत’ लिहिता येते का ते पाहावे.

वही लिहायला बसताना क्रम नेहमीचाच ठेवावा: समस्या, परिकल्पना, चल, कार्यात्मक व्याख्या, नमुना, साहित्य, कार्यपद्धती, निकाल, चर्चा. फक्त ‘मर्यादा’ हा भाग शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवू नये. प्रयोग चालू असतानाच मागच्या पानावर जे जे बिघडले ते लिहीत जावे: पंख्याने उडालेला तक्ता, अकरावीचा वर्ग सुटल्याची घंटा, सातव्या क्रमांकाच्या प्रयुक्ताने आधीच मैत्रिणीकडून ऐकलेले गुपित. त्या पानावरूनच पुढे परीक्षक तोंडी परीक्षेत प्रश्न विचारतात.